पी यायला अजून वेळ आहे

३ फेब्रुवारी, सकाळी ७
केसरला जाऊन पंधरा दिवस झाले. पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे गेले. मुलगी तेजश्री काल नांदेडला परतली, ती तिथे शाळेत शिकवते. बायको नसलेलं घर एवढं मोठं असतं हे माहीत नव्हतं.
निश्चय: दवाखान्यातले इंग्रजी शब्द पक्के करायचे. रोज तीन. अर्थ आणि वाक्यात उपयोग. तेजश्रीची जुनी डिक्शनरी शेल्फवरच सापडली. तसं इंग्रजी मला येतं. एकोणतीस वर्षं डिस्पॅच क्लार्क होतो, आजही पेणकरपाड्यातली अर्धी बिल्डिंग फॉर्म भरायला माझ्याकडे येते. ही फक्त उजळणी.
एका शब्दाची थोडी गडबड झाली होती. तो पीवरून आहे. ए पासून क्रमाने जाणार. पी यायला अजून वेळ आहे.

४ फेब्रुवारी
अटेंड: सेवेला हजर राहणे. वाक्य: मी रोज हजर होतो. बरोबर आहे.

६ फेब्रुवारी
क्युअर: बरे करणे. मला वाटायचं ट्रीट म्हणजेही तेच. टी उघडून बघितलं. 'उपचार करणे' एवढंच आहे. बरा होईल असं कुठेच नाही. डिक्शनरी छोटी आहे, जागा नसेल.
क्रम मोडला. पुन्हा मोडणार नाही.

७ फेब्रुवारी
डोकं दुखतंय. शब्द नाहीत.

९ फेब्रुवारी
शेजारचा गुणवंत जिन्यात भेटला, नुसता खांद्यावर हात ठेवून गेला. ऑक्टोबरमध्ये हाच भावाच्या मोठ्या हॉस्पिटलच्या गोष्टी सांगायचा. एकदा मी त्याला पीचा शब्द ऐकवला. म्हटलं, आमच्याकडे हे चालू आहे. तो गप्पच झाला. मला वाटलं, चांगला गार पडला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरच्या आनंदी वहिनी रोज डबा आणायला लागल्या. मला वाटलं, बिल्डिंगमध्ये आपला मान वाढला.
डबा अजून येतोय. आज मेथी होती.

१३ फेब्रुवारी
हील: जखम भरून येणे. तिथून एकदम एनवर आलो. नर्स: हे क्रियापदही आहे. शुश्रूषा करणे.
त्यावरून ऑक्टोबरमधली ती सिस्टर आठवली. डॉक्टर दहा मिनिटं इंग्रजीत बोलले, मी मान हलवत होतो. बाहेर आल्यावर सिस्टरने विचारलं, "काका, कळलं ना? मराठीत सांगू का?"
मी म्हणालो, "नो नीड, सिस्टर. आय अंडरस्टँड."
केसर बाकावरच बसली होती. तिला सांगितलं, आता वरच्या दर्जाची ट्रीटमेंट देणार आहेत. ती बरं म्हणाली. मी औषधं आणायला काउंटरवर गेलो. तेजश्रीलाही फोनवर तेच सांगितलं. धावत येऊ नकोस, सुट्टी वाचव, मार्चमध्ये निवांत ये.
मार्च अजून आलेला नाही.
तरीही तेजश्री डिसेंबरमध्ये दहा दिवस येऊन राहिली. सुट्टी कशी मिळाली ते मी विचारलं नाही.

१४ फेब्रुवारी
निश्चय: रविवारी तेजश्रीला फोन करून सगळं सांगायचं. शब्द मला कळला नव्हता. विचारायची लाज वाटली. माझ्यामुळे तिची आई बरी होणार या समजात ती राहिली. एवढी तीन वाक्यं. पाठ केली.

१६ फेब्रुवारी, रविवार
फोन केला. गॅस कसा बुक करतात ते विचारलं. ते मला येतं.

१९ फेब्रुवारी
ओ संपला. पीला पानं फार आहेत. आधी आर करून घेतो. रिलीव्ह: दुखणे हलके करणे.

२३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी
पी उघडला. त्या पानाचा कोपरा आधीच दुमडलेला. शब्दाखाली पेन्सिलची रेघ.
तेजश्रीला फोन लावला. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. म्हटलं, पान कुणी दुमडलं?
"मीच, बाबा. डिसेंबरमध्ये. आईने शोधायला लावलं. तुम्ही काउंटरवर गेलात तेव्हाच सिस्टरने तिला मराठीत सांगितलं होतं. पण तिला पुस्तकात बघायचं होतं. तिनेच मला बोलावून घेतलं होतं."
गुणवंतलाही कळलं होतं, म्हणाली. तुम्हीच त्यांना सांगितलंत ना.
मग मला का नाही सांगितलं, असं विचारलं.
"आई म्हणाली, त्यांना राहू दे त्यांच्या इंग्रजीत. सोसायचं नाही त्यांना."
फोन ठेवला. डबा धुतला. मग वही घेतली.
पॅलिएटिव्ह: आजार बरा न करता फक्त त्रास कमी करणारे.
वाक्यात उपयोग: आमच्या घरात तीन महिने ही ट्रीटमेंट चालू होती. मला.