गाळलेले तीन नमुने

ब्रिस्बेन, ३ जून

प्रिय मेरेसेइनीताई,

सुव्हात सगळे बरे असाल. आईचा गुडघा कसा आहे? इथे थंडी पडली आहे. बाजारात दालोचा कंद मिळतो, पण शिजवला की साबणासारखा लागतो.

माफी मागायची तर आपल्या रीतीप्रमाणे देवमाशाचा दात घेऊन तुझ्या चटईवर येऊन बसायला हवं. मी कागद पाठवते आहे.

तुझ्या वॉर्डातून आमच्या प्रयोगशाळेत आलेले रक्ताचे तीन नमुने मी अभ्यासातून गाळले. एकाच नमुन्यात जंतूंचे दोन वंश दिसले, तर तो हाताळताना खराब झाला असं समजायचं, हा नियम संगणकाला मीच घालून दिला होता. आमचे प्रोफेसर म्हणाले, "बेटांवरचे नमुने ना! त्यांत अर्धा समुद्र येतो." सगळे हसले. मीही हसले. त्या खोलीत बेटावरची मी एकटीच होते.

तू फोनवर ओरडलीस, "मी हात धुतलेत गं! तुझं यंत्र धू आधी." मी म्हणाले, "ताई, इथे भावना चालत नाहीत." मग तुला वॉर्डातून काढून चादरींच्या कोठारात बसवलं. अहवालातलं 'नर्सचा निष्काळजीपणा' हे माझंच वाक्य.

तीनपैकी एक नमुना आपिसाईमामांचा होता. नमुन्यांवर नावं नसतात, हे मी सगळ्यांना सांगत आले. पण वय, गाव, आजार असतो. मामांचं गाव मला ओळखता येणार नाही?

त्यांच्या रक्तात खरंच दोन वंश होते. एक औषधाने मरणारा. दुसऱ्याच्या जनुकांत त्याच औषधावरचा तोडगा. तो मी घाण म्हणून टाकला. उरलेल्यावरून संगणकाने सांगितलं, हेच औषध चालू ठेवा. डॉक्टरांनी ठेवलं.

पुढे तो नियम काढून टाकून मी तेच गणित पुन्हा चालवलं, तेव्हा हे कळलं. प्रोफेसर म्हणाले, "आधी लेख छापून येऊ दे, मग बघू." मी मान डोलावली.

सोबत मेट्रनच्या नावे पत्र आहे. चूक तुझी नव्हती, असं लिहून सही केली आहे. माझी नोकरी राहणार नाही. त्याचं कौतुक नको. दुसऱ्या गणिताचा कागदही जोडला आहे. त्यावर तारीख आपोआप पडते. मी ती खोडलेली नाही.

नऊ फेब्रुवारी.

मामा एकोणीसला गेले. तुझा नंबर मला पाठ होता.

आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव. खाली 'तुझी बहीण' न लिहिता नुसतं नाव लिहिते.

विलिमाइना