शिट्टी

रविवार, संध्याकाळ

कॉलेजच्या हॉकी सामन्यात शिट्टी वाजल्यावरही वैशाली चेंडू घेऊन पळत राहिली. निवडीच्या कागदावर मी लिहिलं, 'शिस्त नाही', आणि नाव कापलं. पण तिचा खेळ डोक्यातून जाईना. आज लिंबायत वस्तीत, ती काम करते त्या कापडाच्या लूमवर गेलो. लाइट गेल्याने सगळे लूम बंद होते, तरी माझ्या हाकेला तिने वळून पाहिलं नाही. तिथेच काम करणारी तिची आई म्हणाली, "हाका नका मारू साहेब, हात दाखवा. या लूमपायी कान गेले तिचे."

म्हणजे ती शिट्टी... आणि म्हणे मी खेळाडू पारखतो!

वैशालीने विचारलं, "सर, माझं काय चुकलं?" आणि उत्तरासाठी ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

मी तोंड फिरवून म्हणालो, "काहीच नाही."