तळहाताएवढी आफ्रिका

प्रेरणाचे बाबा,

दिग्रसची कापसाची जिनिंग बंद पडली अन् तुमी आफ्रिकेतल्या जिनिंगवर फिटर म्हणून निघाले. कोणत्या देशात, असं मी विचारलं, तं भिंतीवरच्या नकाशावर तळहात ठेवून म्हणाले, "एवढुशी तं आफ्रिका आहे. कुठं हरवतो मी?" मले तेच पटलं.

सहा महिने झाले, तुमचा फोन नाही. काल प्रेरणानं संत्र्याची साल पाटावर दाबून सपाट केली, तं ती फाटली. म्हणे, "आई, पृथ्वीचंही असंच होते, ती फाटू नये म्हणून नकाशात वरचे देश ताणतात. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसते, पण आफ्रिकेत चौदा ग्रीनलँड मावतात."

चौदा! हे तुमाले माहीत होतं काय?

पाकिटावर तुमचं नाव लिहिलं, खाली 'आफ्रिका' लिहिलं. त्याच्या खाली काय लिहू?

प्रेरणाची आई