गायीपुढे टाकलेला गड्डा

डिसेंबर १९९९, मंगळवार, संध्याकाळ

आज लिलावात शीतलच्या वडिलांनी माझ्या ब्रोकोलीचा गड्डा उचलून गायीपुढे टाकला, आणि माझं सगळं तिथंच बदललं. मोठे अडते ना ते! "कॉलेज सोडून हिरवा फ्लॉवर पिकवला काय रे?" सगळे हसले. त्यांचा डबा घेऊन आलेली शीतल मात्र नाही हसली.

घरी आबांचं वेगळंच. "लय शाना झाला. उद्या नांगर घालतो, कांदा लावू."

का म्हणून? मुंबईच्या हॉटेलवाल्यानं माल दाखवायला बोलावलंय. रानात ठेवले तर गड्डे फुलून पिवळे पडतील.

"गेला तर परत येऊ नको," आबा म्हणाले.

शीतल हसली नव्हती, मी नीट बघितलंय. माल विकूनच तिच्या वडिलांपुढे उभा राहीन, मागणी घालायला. क्रेटवर बर्फ टाकलाय, टेम्पो उभा आहे. आबा पाठ फिरवून बसलेत. बसू देत. निघालो मी, दार ओढून घेतो, जोरात.