एक हात बाळावर

३ फेब्रुवारी
लागले बाई एकदाची नोकरीला! चिंचवडचं मुलांचं हॉस्पिटल, सकाळची ड्यूटी, भिंतींवर पिवळी बदकं. शेखरची चाकणला कंपनीत शिफ्ट, त्यामुळे आमच्या चार वर्षांच्या ज्ञानेशला खाली राहणाऱ्या घरमालकीण अंबुबाई सांभाळतील. लातूरला आईला फोन केला, तर ती रडलीच.

वॉर्डच्या इंचार्ज इंदुताई कडक आहेत. पहिल्याच दिवशी नियम घोकून घेतले. मुलाला नावानं हाक मारायची. हात लावण्याआधी त्याला सांगायचं. आणि कॉटचं रेलिंग खाली असेल, तर एक हात बाळावर. पाठ वळली तरी तो हात उचलायचा नाही. मनात म्हटलं, मी काय अष्टभुजा आहे?

७ फेब्रुवारी
हात आता आपोआप जातो. भाजी परततानाही डावा हात ज्ञानेशच्या डोक्यावर. शेखर म्हणतो, घराचं हॉस्पिटल केलंस.

आज खिडकीजवळच्या रिकाम्या कॉटची चादर बदलायला रेलिंग खाली केलं. उशी घ्यायला वळले आणि सवयीनं हात मागे गादीवर ठेवला. हाताखाली छाती लागली. लहानशी, गरम, वरखाली होणारी. वळून पाहिलं तर नुसती चादर.

इंदुताईंनी मला बसवून चहा पाजला, मग सांगितलं. तिथे मोनिका नावाची चार वर्षांची मुलगी होती. सिस्टर कापूस घ्यायला वळली, हात उचलला आणि मुलगी पडली. वाचली नाही. तेव्हापासून ते रेलिंग कुणी खाली करत नाही. तिथं पुन्हा हात ठेवायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं.

१० फेब्रुवारी
राहवलं नाही. माझंही लेकरू तेवढंच आहे. इंदुताई राउंडला गेल्यावर रेलिंग खाली घेतलं आणि सगळं नियमानं केलं. मोनिका म्हणून हाक मारली. हात ठेवते गं, म्हटलं. उचलणार नाही, असंही बोलून गेले. हाताखालचा श्वास हळूहळू शांत झाला. मला फार बरं वाटलं.

मग जेवणाची गाडी आली, आणि मी हात उचलला.

११ फेब्रुवारी
डाव्या तळव्याला ऊब आहे. साबणानं धुतला तरी जात नाही. बसमध्ये शेजारच्या रिकाम्या सीटवर हात टेकला, तर तिथेही वरखाली—

१३ फेब्रुवारी
अंबुबाई म्हणाल्या, पोरगं दिसभर एकटंच कुनाशी बोलतंय, इचारलं तर मोनी म्हनतंय.
घरी मी हे नाव कधी काढलेलं नाही. शेखरजवळसुद्धा नाही.

१४ फेब्रुवारी
ज्ञानेश सांगतो, मोनी गॅलरीच्या रेलिंगवर चढायला शिकवते. आमचा तिसरा मजला.
मोनी म्हणते, आईचा हात एकालाच पुरतो.
भीती वाटते. फार भीती वाटते.

१५ फेब्रुवारी
रजा टाकली. गॅलरीचं दार दोरीनं बांधलं. दुपार आहे. ज्ञानेश पांघरुणात झोपलाय, डोक्यावरून घेऊन. डावा हात त्याच्यावर, उजव्यानं लिहितेय. श्वास शांत. आज काही झालं तरी उचलणार नाही.

दार वाजलं— वारा असेल.

दोरी खाली पडलीय.

ज्ञानेशची हाक. गॅलरीतून. आई, बघ, किती उंच—

मग पांघरुणात—

हात निघत नाही. तिनं धरून—
ज्ञानू, उतर, उत