चूक नावाचं धान

प्रिय अंजू,

सायकलच्या स्पोकचा चिमटा, बटर पेपरच्या एकशे चाळीस पिशव्या, अकरा वह्या आणि एक नवं धान. एवढं मी या दोन हातांनी केलं, कृषी कॉलेजची पायरी न चढता. यातल्या शेवटच्यात जरा खोट आहे, म्हणून लिहायला बसलो.

नाल्याकाठचा आपला चोपण, खारवट तुकडा आठवतो ना? सुकला की दगड, भिजला की साबण. तिथं धान लावलं तेव्हा शेजारचा उकंडराव बांधावरून ओरडायचा, "पुंजाजी, वाशीमात कोकण आणून राह्यला काय बे?" यंदा तोच लोंबी हातात धरून दाणे मोजत होता. माझ्या चोवीस ओळींपैकी तेवीस पिवळ्या पडून जळाल्या. एक उभी राहिली. वहीत तिचं नाव "चूक".

तिची सुरुवात झाली तेव्हा तू बारावीत होतीस. दोन वाणांच्या संकरासाठी मादी झाडाच्या फुलांतले सहाच्या सहा परागकोश मी संध्याकाळी चिमट्यानं काढले, पिशवी बांधली आणि सकाळी वांगी घेऊन मालेगावला गेलो. पांढरा दोरा बांधलेल्या झाडाचा पराग टाक, असं तुला बजावलं होतं. परतलो तर पिशवीजवळ बिनदोऱ्याची लोंबी पडलेली. "दोरा दिसत नाही तुले? आंधळी हायेस काय?" बायांदेखत बोललो. तू पुन्हा त्या वावरात आली नाहीस. दाणे फेकवले नाहीत. वहीत लिहिलं, चूक. आठ हंगाम तेच नाव चालवलं.

परवा कापणीत तुझी आई सहज म्हणाली, "पोरगी चुकली नव्हती. पांढऱ्या खारातबी एक झाड हिरवंगार दिसलं म्हणे तिले, त्याचाच पराग टाकला तिनं." माझा विळा थांबला. मग इतकी वर्षं सांगितलं काहून नाही? तर म्हणते, "तुमी इचारलं कवा?"

आता विचारतो. ते झाड नाल्याच्या अंगाला होतं की बाभळीकडं? पान रुंद की अरुंद? दाण्याला कुसळ होतं का? रविवारी ये, जागा दाखव. वहीतलं नाव तुझ्याच हातानं खोड. काल शेलूबाजारला बियाणे कंपनीचा माणूस भेटला. कागदावर दोन रकाने होते: नर वाण कोणता, आणि वाण तयार करणारा कोण. पहिला मला भरता येईना. "लिहा काहीही," तो म्हणाला, "दुसऱ्यात तुमचं एकट्याचं नाव टाका." मी पेनाला टोपण लावलं. नऊ लाख देत होता.

वाट पाहणारा, तुझाच
बाबा