मधलं कुणी नसताना

४ डिसें., गुरु.
मंगल जाऊन आज दीड महिना. सकाळी चहा ओतताना सवयीनं बोलून गेलो, "पूनमला विचार, रविवारी येणार का." मग लक्षात आलं, आता विचारायला बायको कुठाय. चहा तसाच गार झाला.
आठ वर्षं मी अन् लेक हिच्यामार्फतच बोललो. पूनम नगरला, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. मिरजगावला घरी आली, माझ्या शेजारी जेवायला बसली, तरी "आई, अण्णांना भाजी पाहिजे का विचार." हिला वैताग यायचा. "थेट बोला की! मी काय टेलिफोन हाय व्हय?"

६ डिसें., शनि.
बारावीला प्रकाशाचं प्रकरण शिकवायला घेतलं. मे महिन्यात रिटायर, म्हणजे हे शेवटचंच.
आवाजाला हवा लागते, लाटेला पाणी. मग सूर्याचा उजेड पोकळीतून येतो कसा? जुन्या लोकांनी ठरवून टाकलं, सगळीकडे ईथर नावाचं काहीतरी भरलेलं असणार. पृथ्वी त्यातून पळते, म्हणजे ईथरचा वारा लागायला हवा.
उदाहरण सीना नदीचं दिलं. एक पोहणारा पलीकडच्या काठाला जाऊन परत, दुसरा तेवढंच अंतर धारेविरुद्ध जाऊन परत. दुसऱ्याला उशीर होणार. ("सर, सीनेला पानी कुठंय?" वर्ग हसला. मीही, बऱ्याच दिवसांनी.) अमेरिकेतल्या दोघांनी उजेडाचा एकच झोत दुभागला, काटकोनातल्या दोन वाटांनी धाडला, आरशांवरून परत आणून एकत्र केला. दोन्ही मिळाले की पडद्यावर काळ्या-उजळ पट्ट्या उमटतात; यंत्र फिरवताना एकाला उशीर झाला तर त्या सरकणार. सगळं यंत्र पाऱ्यावर तरंगत फिरवलं. पट्ट्या अपेक्षेएवढ्या सरकल्याच नाहीत, ईथरचा वारा काही सापडला नाही.
पहिल्या बाकावरची सायली म्हणाली, "मग त्यांचा प्रयोग फेल गेला का, सर?"
म्हटलं, नाही. जे आलं तेच त्यांनी लिहिलं, हेच मोठं.
बोललो खरा, पण पूनम आठवली. तास लवकर सोडला.

८ डिसें., सोम.
लिहून टाकतो एकदाचं.
आठ वर्षांपूर्वी बारावीला पूनम माझ्याच वर्गात होती. प्रॅक्टिकलला आवाजाचा वेग काढायचा, पाण्याच्या नळीवर; आवाज घुमतो तिथं पाण्याची पातळी मोजायची. आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक. उत्तर पुस्तकातनं घ्यायचं अन् उलटं मागं येत रीडिंग जुळवायचं. मीही बी.एस्सी.पर्यंत तेच केलं. पूनमनं दिसलं ते लिहिलं. उत्तर भलतंच. मी तिची जर्नल सगळ्यांसमोर वर धरली. "मास्तरच्या पोरीला जुळवतासुद्धा येईना!" पोरं हसली. तिनं जर्नल परत घेतली नाही. पुढं फिजिक्सही घेतलं नाही.
सुट्टीत नळी साफ करताना कळलं, खालची तोटी गळतेय. मोजेपर्यंत पाणी उतरायचं. पोरीनं खरं लिहिलं होतं, खोटी नळी होती.
तोटी बदलली. कुणाला बोललो नाही. मंगललाही नाही. लाज, दुसरं काय. आधी 'उद्या सांगू' करत राहिलो, मग फारच उशीर झाला असं वाटायला लागलं.

११ डिसें., गुरु.
तोच प्रयोग वर्गात मांडला. लेसर, काच, दोन आरसे. तीन दिवसांची खटपट. भिंतीवर पट्ट्या आल्या! हायवेवरून उसाची ट्रॉली गेली की थरथरतात. ईथरबिथर आपल्या टेबलावर मोजता यायचा नाही, पोरांना तसं सांगितलं. सायलीनं लिहिलं, 'पट्ट्या स्थिर नव्हत्या, ट्रॅक्टरमुळे.' तिला शाबासकी दिली. आठ वर्षांपूर्वी ही एका पोरीला देता आली असती.
शेवटी फळ्यावर लिहिलं, प्रकाशाला माध्यम लागत नाही. आमच्या घरात लागायचं. मंगलचे हाल झाले त्यात.

१४ डिसें., रवि.
पूनम आली नाही. फोन लावला. तिचा नंबरही माझ्याकडे नव्हता, मंगलच्या मोबाईलवरून उतरवून घेतला.
"अण्णा? काय झालं? बरे हाय ना तुमी?"
घाबरली. मी आजारी पडल्याशिवाय फोन करणार नाही, हे तिनं धरूनच ठेवलेलं.
सगळं सांगितलं. नळी, तोटी, सुट्टी. चुकलो म्हणालो.
 मग, "आईला म्हाईत हुतं?"
"न्हाई. कुनालाच न्हाई."
"ती शेवटपर्यंत मलाच समजावत हुती, अण्णा. दवाखान्यात पण. म्हनायची, तुझंच चुकलं आसंल पोरी, त्यांची माफी माग."
मंगलचा मोबाईल समोरच होता, तो उपडा ठेवला. 
"मागनार हुते मी. तिच्यासाठी," पूनम म्हणाली.
पलीकडून तिला कुणीतरी हाक मारली. "आले," म्हणाली. पण फोन ठेवला नाही. मीही नाही.